किळस मोजणारा माणूस

११ ऑक्टोबर

शिलू,

जय भीम. मायले पहिले सांग का मी खुशाल हाय अन् पोटभर जेवतो. हे खोटं हाय, पण सांग. फोन काहून येत नाही म्हणून तुम्ही दोघी घाबरल्या असान. फोन आल्याबरोबर काढून घेतले. फोनवरून बेटाचा पत्ता लागते म्हणते. चिठ्ठीले मनाई नाही, नोकराची चिठ्ठी कोण वाचते? भाजीपाल्याची बोट येते, तिच्यावरचा माणूस बंदरावर पेटीत टाकते. पाकिटामागं एका दुकानाचा पत्ता लिहिला, त्यावर पाठवजो.

आता खरं सांगतो, मायले नको सांगू. हे हॉटेल नाही. एजंटानं फसवलं. हा जगातल्या बदमाश लोकायचा अड्डा हाय. आपल्या बसस्टँडवरचे बदमाश नाही, पिच्चरमधले राह्यते तसे. पाठीवर पोळ्याच्या बैलासारखी झूल, तोंडावर मुखवटा, अन् उठल्या-बसल्या जग ताब्यात घ्याच्या गोष्टी.

पहिले मले भेव वाटलं. आता निरा किळस वाटते. मुखिया हाय कर्नल कहर. डोळ्यातून आगीचा किरण सोडते. तो त्या किरणानं जेवता जेवता पायाचे नखं कापते. नख उडून वरणात पडलं तं काढत नाही, खाते. नाक झुलीले पुसते अन् त्याच हातानं मोहरच्याले पोळी वाढते. दुसरा डॉक्टर शेवाळ, यंत्रं बनवणारा. त्याच्या पायाच्या बोटायत हिरवं उगवलं हाय, त्याले तो सकाळी पाणी घालते. तिसऱ्याचं नाव मले बोलता येत नाही, मी सुटेराव म्हणतो. त्याचे हात मनगटातून सुटते अन् आपआपले फिरते. काल त्याचा डावा हात संडासातून निंघाला, भिंतीभिंतीनं सरकत सैपाकघरात आला अन् सरळ लोणच्याच्या बरणीत घुसला. तवापासून म्या लोणचं सोडलं.

माझं काम आयकशील तं हासशील. झाडू नाही, भांडे नाही. मले खुर्चीवर बसवते, डोक्याले तारा लावते, मोहरं काहीबाही आणून ठेवते, अन् मले किती किळस आली ते मोजते. मुलाखतीत साऱ्या पोरायमोहरं सडलेली मासोळी ठेवली होती. बाकीच्यायनं दम धरला. म्या ओकलो. मलेच घेतलं.

तुझा दादा,
धम्मरत्न


२३ ऑक्टोबर

दादा,

मायला सांगितलं, हॉटेल चांगलं आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. ती शेजारी सगळ्यांना सांगून आली. आता तू परत येईपर्यंत ते खोटं मलाच सांभाळावं लागेल.

झुलीचं वाचून मी खूप हसली. तू आधीपासून असाच. शाळेत कोणाचं नाक वाहिलं की तुझा डबा घरी परत यायचा. नववीत शाळा सोडली तेव्हाही तू मास्तरच्या कानातल्या केसांचं कारण सांगितलं होतं. कोणी त्याचा पगार देईल असं वाटलं नव्हतं.

पण किळस काय असते ते मला विचार. मामानं माझ्यासाठी पाहुणा आणला. नागोराव म्हणून आहे, कळंबकडचा. सुपारी-तंबाखू घोटून खर्रा विकायची दुकानं आहेत. चाळिशी गेलेली. पहिली बायको सोडून गेली. मायनं विचारलं, काहून गेली? तर म्हणतो, "जुनी गाडी होती, हँडल जड लागे." मामा हसला. मग त्यानं तोंडातला खर्रा बोटानं काढला, खिडकीखाली आपल्या भिंतीला चिकटवला, आणि तेच बोट माझ्या हनुवटीखाली घालून माझं तोंड वर केलं. "नीट पाहू तं दे," म्हणे.

दादा, साबणानं कितीदा धुतलं तरी ती जागा ओली वाटते. रात्री गोधडी तिथं लागली तरी अंगावर काटा येतो.

मामा म्हणतो सगळा खर्च तेच करणार, असा पाहुणा पुन्हा येणार नाही. मायचं ठरत नाही. ती तुझं ऐकते. लवकर लिही.

शीला


४ नोव्हेंबर

शिलू,

हे मायले मोठ्यानं वाचून दाखव. माय, त्या माणसाले आपली पोरगी देऊ नको. मामाले म्हणा, तुमाले एवढाच आवडला तं तुम्हीच जा त्याच्या घरी नांदाले. बस.

आता तुले सांगतो. तुझी चिठ्ठी आली तवा मी खुर्चीवर होतो. तारा लागलेल्या होत्या, तशीच वाचली. हनुवटीवर आलो अन् मोजणीचा काटा शेवटाले जाऊन अटकला. डॉक्टर शेवाळ नाचाले लागला. म्हणे एवढी किळस एका माणसात आजवर पाह्यली नाही. त्या खुशीत त्यानं मले पेढा देल्ला, पायाजवळ ठेवलेल्या डब्यातला. म्या तो समुद्रात फेकला. एका मासोळीनं तोंडात घेतला अन् थुकला.

म्या त्याले इचारलं, स्वतःचीच काहून नाही मोजत? तं म्हणे, "आमच्यात उरलीच नाही. इथं येणाऱ्याची पहिल्या दिवशी काढून टाकतो. किळस असली तर हे धंदे जमत नाहीत." तवा मले समजलं हे लोक असे काहून राह्यते. दुष्ट म्हणून घाण नाही बरं, घाण वाटतच नाही म्हणून दुष्ट.

मंग त्यानं माझं गाव इचारलं. त्याचं म्हणणं, किळस माणूस घरादारातून शिकते, म्हणून एका मुलखातल्या लोकायची किळस एकाच सुरात राह्यते. माझा सूर लागला तं आजूबाजूच्या साऱ्यायचा लागते. म्या छाती फुगवून दिग्रस सांगितलं. नकाशावर बोट ठेवून दाखवलं. वाटलं, गावाले काही बक्षीस देते का काय.

धम्मरत्न


१६ नोव्हेंबर

दादा,

मायनं तुझी चिठ्ठी दोनदा वाचून घेतली आणि मामाला चक्क नाही म्हटली. मामा चहा न पिता गेला. त्या दिवशी मी भिंत खरवडून पुन्हा सारवली.

आता कापूस वेचायला मी आणि माय वच्छलाबाईच्या वावरात जातो. तिची पाणी द्यायची तऱ्हा तुला माहीत आहे. आपण ओंजळ धरायची, ती तांब्या एवढा वर धरते की निम्मं पाणी पदरावर. तोंडानं मात्र गोड. "पी माय, पी," म्हणते आणि मागं सरकते. मायला चालतं. मला चालत नाही, मी घरून बाटली नेते.

गावात नवीन म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगच्या टिनावर कोणीतरी पांढरा भोंगा बसवला. ना आवाज, ना दिवा. लोक म्हणतात हवामानाचा आहे.

आणि हो, काल पिण्याच्या ड्रमात पाल पडली होती. तू असता तर आठ दिवस उपाशी राहिला असता. माय म्हणाली, पाल फेक, पाणी कायले फेकते? मी तसंच केलं. चहा बरा झाला होता.

मामा पुन्हा येणार म्हणतो. येऊ दे.

शीला


२८ नोव्हेंबर

शिलू,

पालीचं वाचून हातातला चहा फेकला, पण मंग म्हटलं, पोरगी समजदार झाली. माझ्यासारखी नखरेल राहून कोणाचं भलं झालं? जगाले चालते ते आपल्याले चालवता आलं पाह्यजे. माझं तं इथं वजन घटून घटून पॅंट दोरीनं बांधतो.

इथं नवं काम सुरू झालं. भिंतीतून एक नळी काढली हाय, तिच्यातून काळं, चिकट, गुळाच्या काकवीसारखं येते. ते मोठमोठ्या टाक्यायत भरते. डॉक्टर चमच्यानं माझ्या नाकापाशी आणते अन् काटा पाह्यते. काहीच्या काही वास, शिलू. एकात गटार, एकात दारूड्याचं तोंड, एकात उष्टं ताट. परवा एक चमचा आणला, त्यात खर्रा होता. ओला. माझ्या स्वतःच्या हनुवटीवर काटा आला. वाटलं तुझी चिठ्ठी डोक्यातून जात नाही म्हणून भास होऊन राह्यला.

मामा आला तं त्याले सारवलेली भिंत दाखव.

धम्मरत्न


१० डिसेंबर

दादा,

इकडे सगळं ठीक. गावात आता कोणी नाक मुरडत नाही. नाली तुंबून रस्त्यावर आली आहे, तिच्यात पाय सोडून पोरं समोसे खातात. माय परवा म्हणाली, तुझ्या केसात काही चालून राह्यलं. मी म्हटलं, चालू दे.

एक गोष्ट तुला आवडेल. वच्छलाबाईनं मला तिच्या स्वतःच्या ग्लासात पाणी दिलं. मी अर्धं प्यायली, उरलेलं ती प्यायली. काही विशेष केलं असं तिच्या तोंडावर नव्हतं.

नागोराव येऊन गेले. पुन्हा भिंतीवर थुंकले, मी पुसून घेतलं. पहिल्या बायकोला चिमट्यानं डागलं होतं असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मायनं विचारलं, चहात साखर किती? साक्षगंध नऊ जानेवारीला ठरलं. मामा खूश आहे. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण शोधलं, सापडलं नाही.

तू येशील का?

शीला


२० डिसेंबर

शिलू, शिलू,

हे काय लिहिलं? चिमट्यानं डागलं अन् चहात साखर किती?

तुझी चिठ्ठी घेऊन सरळ कर्नलपाशी गेलो. तो दात कोरून राह्यला होता, कोरलेलं पुन्हा खात होता. म्या इचारलं, दिग्रसले भोंगा कोणाचा? तं लपवलंबी नाही. म्हणे, "आमचाच. तुझ्या डोक्यावर सूर लावला, तुझ्या लोकांवर चालवून पाहतोय. बॉम्ब टाकले की लोक चिडतात. किळस काढून घेतली की कोणी चिडत नाही. ज्याला कशाची किळस येत नाही, तो कशालाच नाही म्हणत नाही. दिग्रस झालं की पुढं सगळं जग." अन् माझी पाठ थोपटली. शर्टावर काय लागलं ते म्या पाह्यलं नाही, जाळून टाकला.

ते टाक्यायतलं काळं म्हणजे तुमची चोरलेली किळस हाय. तो खर्र्याचा चमचा तुझा होता. अन् मी गाढव तुले समजदार म्हणून राह्यलो होतो.

लोहाऱ्याले मावशीकडं जा. आजच. भोंग्यापासून दूर गेली तं थोडीशी तरी किळस परत येईन. त्या बोटाची आठवण कर, शिलू. ओलं बोट. हनुवटी.

दादा


२९ डिसेंबर

दादा,

आठवण केली. बोट होतं, ओलं होतं. पुढे काय?

मावशीकडे कशाला जाऊ, इथं बरं चाललं आहे. तू चोरी म्हणतो ते मला पटतं, गणितासारखं पटतं, पण पोटात काही हलत नाही.

आणि एक विचारू? वावरात आता सगळ्या बाया एका पातेल्यातून जेवतात. माय वच्छलाबाईच्या ओसरीवर बसून तिच्या कपात चहा पिऊन आली. साठ वर्षांत पहिल्यांदा. येताना हळूच म्हणाली, "शिले, त्यायची ओसरी आतून थंडी हाय." तू सगळं परत आणशील तर तेही परत येईल ना? त्याचं काय करशील?

मला दोन्ही चालेल. म्हणूनच विचारते.

शीला


९ जानेवारी

शिलू,

तुझी चिठ्ठी काल आली. रात्रभर तुझ्या सवालाले जवाब शोधला. नाही सापडला. पण ज्या पोरीले "दोन्ही चालते" तिच्या हातात आंगठी घालणं म्हणजे झोपलेल्याच्या खिशात हात घालणं हाय. एवढंच मले समजलं. तुले जागी करतो, मंग तुले काय चालवाचं ते तू चालवजो.

टाक्या उलट्या सोडाचा एक दांडा हाय. पण ते सारं ज्या डोक्यावर सूर लावला त्याच्यातूनच परत जाते, म्हणजे माझ्या. डॉक्टर एकदा हासत म्हणाला होता, असं करणारा माणूस गच्च भरून फुटेल. म्हणून त्यायनं पाहारा ठेवला नाही. म्हणजे ठेवला होता, सुटेरावचा उजवा हात. सुटेराव स्वतः जेवाले गेला होता अन् हात दांड्यावर मूठ धरून बसला होता.

शिलू, जन्मात एवढी किळस आली नाही. गरम होता तो. घामेजला होता. नखायत मागच्या आठवड्याचं जेवण. मनगटाच्या तुटल्या जागी बारीक बारीक काहीतरी उघडमीट करून राह्यलं होतं. फडकं शोधलं, नव्हतं. डोळे मिटले अन् उघड्या हातानं धरला. त्यानं माझे बोटं कुरवाळले, मित्रासारखे. म्या ओकलो पण सोडला नाही. एक एक बोट सोडवलं, सोबत आणलेल्या लोणच्याच्या बरणीत कोंबला, झाकण लावलं. मंग खुर्चीवर बसलो अन् दांडा ओढला.

साऱ्या दिग्रसची किळस माझ्यातून गेली. नवऱ्याच्या तोंडाच्या वासाची, दवाखान्यातल्या पलंगाची, खोट्या तराजूची. तुझी आली तं लगेच वळखली, लहान होती पण भल्ली तिखट. अन् मंग वच्छलाबाईची आली. शिलू, ती आपल्यावरची होती. एका क्षणाले मले आपल्या मायचे हात दिसले, कापसानं चिरलेले, अन् मले त्यायची किळस आली. आपल्या मायच्या हातायची. म्या ते दातात धरून ठेवाचं पाह्यलं, गिळून टाकाचं पाह्यलं. नाही राह्यलं. निवडून काढता येत नाही. गेलं ते बी.

मी फुटलो नाही. नळी फुटली. उरलेलं काळं साऱ्या अड्ड्यात पसरलं. मले वाटलं आता मारते. पण कर्नल धावत आला अन् दारातच थांबला. स्वतःच्या झुलीकडं पाह्यलं. मंग हाताकडं. मंग तोंड दाबून पळाला. डॉक्टर पायाले दगड घासून रडून राह्यला. सुटेराव बरणीले हात लावाले तयार नाही, अन् डावाबी कुठं फिराले गेला, तं लावीन कायनं? साऱ्या अड्ड्यात पाणी नाही उरलं, सारे आंघोळी करून राह्यले. जग ताब्यात घ्याची बैठक आज कोणी घेतली नाही, कारण एकमेकाजवळ बसाले कोणी तयार नाही.

आज नऊ तारीख. तुमच्याकडं आता मांडव टाकला असन. मी वेळेवर पोहोचलो का नाही, माहीत नाही. पुढच्या बोटीले जागा भेटली तं येतो, नाही भेटली तं त्याच्या नंतरच्या. लगेच लिही. काहीही झालं असन तरी लिही.

दादा


२० जानेवारी

दादा,

ऐक.

मांडव दारातच होता. पाहुणे बसलेले. वच्छलाबाई आली होती, मायच्या शेजारी खुर्चीवर, मायनं दिलेला चहा पीत. आंगठी व्हायची होती. मामा म्हणाला, आधी पेढा भरवा. नागोरावनं पेढा घेतला, अर्धा स्वतः खाल्ला आणि उरलेला माझ्या ओठाला लावला. त्याच्यावर लाल तार होती, लाळेची. मी तोंड उघडलेलं होतं, दादा. खरंच उघडलेलं होतं.

आणि तेव्हाच आली. पायापासून आली. आधी नालीचा वास आला, मग माझ्या स्वतःच्या केसांचा, मग त्याचा. आचाऱ्यानं कढईत पाहिलं आणि मागं सरकला. एका पोरानं हातातला समोसा खाली टाकला. मी पेढा बाजूला केला आणि म्हटलं, "नाही."

मामा उठला. "काय नाही? चार लोकात तमाशा नको करू. कारण सांग."

मी म्हटलं, "मले या माणसाची किळस येते."

एवढंच. आवाज चांगला मोठा निघाला. नागोराव म्हणाला, "हे काय कारण झालं?" त्याची स्वतःची बहीण त्याच्यापासून एक खुर्ची दूर सरकून बसली होती. मामा मायकडे वळला, "बाई, तू तरी समजाव पोरीले."

माय मामाकडे पाहत नव्हती. ती वच्छलाबाईकडे पाहत होती. वच्छलाबाईनं हातातला कप अर्धा पिऊन खाली ठेवला होता, पायाच्या अंगठ्यानं लांब सारला होता, आणि पदरानं ओठ पुसत होती. एकदा पुसले, पुन्हा पुसले. मग कोणी पाहिलं का म्हणून इकडे तिकडे पाहिलं. मायनं पाहिलं होतं.

तू लिहिलं ना, निवडून काढता आलं नाही. ते वाचून मला आधी तुझा राग आला. त्या दिवशी मांडवात मायच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. ती उठली, लुगडं खोचलं, तो कप उचलला आणि नालीत ओतला. मग नागोरावला म्हणाली, "चला, उठा. पेढ्याचा डबा घेऊन जा." आवाज वाढवला नाही. तो उठला. त्याच्यामागं त्याची माणसं उठली.

वच्छलाबाई बसूनच होती. मायला म्हणाली, "बरं केलं रुखमा, पोरीचं वाचलं."

माय तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हीबी उठा, बाई. तुमाले आमची येते, तं आमालेबी तुमची येते."

शीला